रंग उतरायला पाऊण तास

"अजून लाल आसत काय गो?" बाबांनी अंगणातूनच विचारलं.

मी सडा घालत होते. मान वर केली तर बाबा उभे. खांद्यावर रंगाची पेटी, अंगात चुरगळलेला सदरा, पायांत धुळीने भरलेल्या चपला, आणि ओठ नव्या नवरीसारखे लालचुटुक. डोळ्यांचं काजळ तर कानशिलापर्यंत गेलेलं.

"लाल म्हंजे काय, आताच पान खावन उठल्यासारखे," मी म्हटलं आणि हसले.

हसायला नको होतं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि त्याच दिवशी साडेनऊला मला बघायला माणसं यायची होती.

बाबा, म्हणजे आत्माराम मेस्त्री, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सुतार होते. कार्तिक लागला की रंधा फळीवर ठेवायचे आणि दशावताराच्या कंपनीबरोबर जत्रांना जायचे. त्यांच्या वाट्याला बायकांची कामं. द्रौपदी, सीता, पण खरी त्यांची तारामती. कंपनीत त्यांना सगळे आबी म्हणत. बाहेरच्या माणसांना ते नाव तेवढं ठाऊक, पुढचं मागचं काही नाही. सहा फूट उंचीचा, दाराच्या चौकटी खांद्यावरून नेणारा माणूस एकदा का नऊवारी नेसून पदर तोंडाशी धरून उभा राहिला, की पुढ्यात बसलेल्या म्हाताऱ्या हुंदके द्यायला लागायच्या. मीही रडले आहे, आणि मला तर घरी ते काम पाठ करताना ऐकून ऐकून कंटाळा आलेला असायचा.

माझं वय चोवीस झालं होतं. आधीची दोन स्थळं या तारामतीमुळेच मोडली होती. एक मुलगा बरा होता, पण त्याची आत्या जाताना बाहेर म्हणाली होती, चेडवापेक्षा बापूसच लुगडां बरां नेसता. ते ऐकून आई आठ दिवस कोणाच्या दारात गेली नव्हती. म्हणून तिसऱ्या वेळी पांडूमामाने, म्हणजे आईच्या भावाने, पलीकडच्या शिरगाळ गावात जाऊन एवढंच सांगितलं होतं, मुलीचे वडील सुतारकाम करतात. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पण आदल्या रात्री जत्रा होती ती शिरगाळलाच. बाबांनी कंपनीच्या मालकाला सांगून बघितलं, दुसरी तारामती मिळेना. मग आईने अट घातली, उजाडायच्या आत निघायचं, रंग तिथेच उतरवायचा आणि नऊच्या आत आंघोळ करून, सुतारासारखं दिसत, ओटीवर बसायचं.

बाबांना ते अवघड नव्हतं. दशावतारात ज्याने त्याने आपला चेहरा आपणच रंगवायचा आणि आपणच उतरवायचा. बाबांचं उतरवणं बघण्यासारखं असे. आधी नुसतं खोबरेल, तेही तळहातावर चोळून कोमट केलेलं. ते तोंडभर लावून स्वस्थ बसायचं. मग धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्याने टिपायचं. साबण सगळ्यात शेवटी. "रंग ओढूचो नाय," ते म्हणायचे, "तेलान सोडूक देवचो." तोंडाचा सफेदा, कपाळाची पिंजर, काजळ, सगळं दहा मिनिटांत जायचं.

त्या दिवशी गेलं नाही, कारण तो रंग त्यांचा नव्हताच. तो मी दिला होता.

माझा मामेभाऊ दिनेश कुवेतला होता. बघण्याच्या कार्यक्रमासाठी म्हणून त्याने मला एक डबा पाठवला होता. लिपस्टिक, काजळाची पेन्सिल, नखांचा रंग आणि तो पुसायची एक छोटी बाटली. बाबा कितीदा तरी कुरकुरायचे की रोहिदासाच्या मरणाच्या प्रवेशाला येईपर्यंत घामाने ओठ फिके पडतात आणि तारामती आजाऱ्यासारखी दिसते. मी आदल्या दिवशी लिपस्टिक आणि पेन्सिल त्यांच्या पेटीत टाकली. म्हटलं, ह्या लावन बघा, दिनेश म्हणता की जेवलां तरी जायत नाय. बाबा किती खूश झाले होते. लहान मुलीसारखं त्यांनी ते झाकण चार वेळा उघडलं आणि लावलं.

"तेल लावलंय, पुसलंय, परत लावलंय," ते आता पायरीवर बसत म्हणाले. "हलणा नाय. कुवेतात काय गोंद घालतत की काय यात."

तेवढ्यात आई बाहेर आली. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दाराची चौकट धरली.

"ह्या काय तोंड घेवन इल्यात?" ती हळूच म्हणाली. आई चिडली की आवाज खाली जायचा.

"जातला गो. जरा खोबरेल गरम कर. जाड लावतंय आणि वरसून ओलां फडकां ठेवन बसतंय. पाऊण तासात सुटतला."

"पाऊण तास खंय आसा? आंघूळ, दाढी, कपडे. नऊच्या गाडयेन येतत ती." आईने त्यांना हाताला धरून मागच्या पडवीत नेलं.

मग आम्ही दोघींनी त्या तोंडाचं काय काय केलं, ते आठवलं की मला आजही लाज वाटते. बेसन लावलं. साय लावली. लिंबू पिळलं, तेव्हा डोळ्यात गेलं आणि काजळ सगळं गालावर उतरलं. अंगाच्या साबणाने घासलं. आई म्हणाली रॉकेल, त्याला मात्र बाबांनी हात जोडले. एवढं होऊन ओठ होते तसेच, उलट घासून घासून जास्तच लाल. सव्वाआठ वाजले.

मला बाटली आठवली ती तेव्हा. नखाचा रंग किती कडक असतो, सुरीने खरवडावा लागतो, आणि तो या पाण्याने एका बोळ्यात जातो. मग ओठाचा काय जाणार नाही? मी दहावी पास होते, घरात तेवढी शिकलेली मीच. मी बाटली आणली, कापूस आणला.

"ह्या ओठांचा आसा?" बाबांनी विचारलं.

"रंग काढूचाच आसा," मी म्हटलं.

त्यांनी तोंड पुढे केलं. मला त्यांनी कधी कशाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. मी बोळा भिजवला आणि वरच्या ओठावर दाबून चोळला, एकदा, दोनदा. त्यांनी डोळे मिटले. पायाचा अंगठा जमिनीत रुतवला. तिसऱ्यांदा चोळायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "पुरे गो बाये. जळता."

आईने गार पाणी मारलं. थोडा रंग गेला होता, त्याच्याबरोबर कातडीही गेली होती. वरचा ओठ बघता बघता सुजून आला आणि भेगांत लाल रेषा तशाच राहिल्या. डोळ्यांखाली काळं, तोंडावर बेसनाचे कण. पांडूमामा नऊला आला, पडवीत डोकावला. टोपी काढली आणि परत घातली.

"भावोजी," तो शेवटी म्हणाला, "ह्या काय सांगूचा त्यांका?"

आई माझ्याकडे बघत होती, मामा माझ्याकडे बघत होता. बाबा हातातल्या आरशात बघत होते. लग्न माझं होतं. ते मलाच बोलावं लागणार होतं आणि मी बोलले.

"बाबा, तुमी आतच बसा. कुडाळाक गेल्यात म्हणान सांगू."

"बरां," बाबा म्हणाले. "मी तेल लावन बसतंय." आणि ते पडवीत भिंतीला टेकून बसले. त्या भिंतीच्या अलीकडे आमची ओटी. भिंत कुडाची, मातीने लिंपलेली. पलीकडे कोणी खोकलं तरी ऐकू यायचं.

माणसं साडेनऊला आली. मुलगा अरविंद पांचाळ, एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, बोलायला कमी. त्याचे वडील, आणि आई. आई म्हणजे पुढे माझ्या सासूबाई झाल्या त्या. बारीक अंगाच्या, रात्रभर जागलेले डोळे, मांडीवर एक पिशवी. मी चहा घेऊन गेले, नमस्कार केला, पाटावर बसले. नाव, शिक्षण, शिवण येतं का, सगळं झालं. मामाने कुडाळचं सांगितलं, अगदी निकडीचं काम निघालं म्हणून. त्यांनी मान हलवली. मुलगा एकदा माझ्याकडे बघून हसला, आणि मला कळलं की हे स्थळ मला हवं आहे. आधीच्या दोन्ही वेळी तसं वाटलं नव्हतं.

मग सासूबाईंनी पिशवीत हात घातला. एक खण काढला, हिरवा, लाल काठाचा. आणि एक नारळ.

"एक विचारूचा होता," त्या मामाला म्हणाल्या. "काल आमच्या जत्रेक जो तारामती झालो, आबी म्हणान, तो ह्याच गावातलो म्हणतत. त्याचा घर खंय?"

मामाचा कप बशीवर वाजला.

"कशाक वो?" त्याने विचारलं.

"माझो धाकलो झिल चार वर्सांमागे न्हंयत गेलो," त्या म्हणाल्या. नदीत बुडालेल्या मुलाचं सांगताना आवाज अगदी सरळ होता. "तेव्हापास्न माझ्या डोळ्यांत पानी नाय. लोक माका दगड म्हणाक लागले. काल त्या तारामतीन रोहिदासाक मांडयेर घेतल्यान आणि माका रडाक इला. पोटभर रडलंय. सकाळी बरां वाटला. म्हटलां, पुरुष आसलो म्हणान काय झाला, त्या तारामतीची ओटी भरूची. एवढ्यासाठी ह्यो खण घेवन इलंय."

त्यांचे यजमान खाली बघत होते. मुलगाही. आई दाराआड होती, तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"तो आमच्या वाडयेतलो नाय," मामा म्हणाला. "खालच्या गावातलो खंयतरी. कंपनीबरोबर फिरता. गेलो आसतलो फुडे."

सासूबाईंना ते पटलं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुका म्हायती आसा गो बाये, खंय रवता तो?"

खोबरेल गरम केल्याचा वास ओटीपर्यंत येत होता. मी बाबांपासून नऊ हातांवर, भिंतीच्या अलीकडे बसले होते.

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरचा खण हातात घेतला. मग उठल्या, माझ्यापुढे आल्या.

"मगे ह्यो परत न्हेवक नको. तुझ्याच ओटीत घालतंय. माका मुलगी पसंत आसा."

मी पदर पसरला. बाबांचा खण माझ्या ओटीत पडला, वर नारळ, वर मूठभर तांदूळ. मी वाकून नमस्कार केला.

माणसं गाडीवर गेल्यावर मी मागे गेले. बाबा तसेच भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी तोंडावरचं ओलं फडकं काढलं. ओठ सुजलेला होता, पण रंगाचा ठिपका नव्हता कुठे. काजळ गेलं होतं. तोंड स्वच्छ, रोजच्यासारखं.

"बघ, गेलो सगळो," ते म्हणाले. "नुसतो वेळ व्हयो होतो."

मी खण पुढे केला. "ह्यो तुमचो आसा."

"ओटीत पडलेला परतवतत नाय. ठेव." मग त्यांनी विचारलं, "झिल कसो आसा?"

"बरो आसा."

"बरां झाला," ते म्हणाले आणि फडकं पिळून वाळत घालायला उठले.

लग्न वैशाखात झालं. तोवर बाबांनी मिशी ठेवली होती, चांगली जाड. वरच्या ओठावर पांढुरका डाग राहिला होता, तो झाकायला म्हणून. दशावतारात बायकांची कामं करणारा माणूस मिशी ठेवत नाही. कंपनीचा मालक दोनदा घरी येऊन गेला. "ओठार रंग बसणा नाय आता," बाबांनी त्याला सांगितलं, आणि तो बिचारा ओठ बघून हळहळला. मीही तेच धरून चालले. डाग मी पाडला होता, त्याचं वाईट वाटत होतं, पण डागाचं वाईट वाटण्यात तशी सोय असते. मांडवात सासूबाईंनी व्याह्यांना नमस्कार केला, तेव्हा मिशीवाला, खांदे रुंद असलेला एक सुतार त्यांना दिसला, बाकी काही नाही.

पुन्हा मार्गशीर्ष आला, शिरगाळची जत्रा आली. सासूबाई हौसेने गेल्या आणि सकाळी परत आल्या त्या सरळ तांदूळ निवडायला बसल्या. मी शेजारी बसले.

"ह्या वर्साची तारामती ती न्हय," त्या म्हणाल्या. "ती रडली. माका काय रडाक येवक नाय. तो आबी खंय गेलो, कोण सांगना नाय."

सुपातला एक खडा मी बाजूला काढला. संसार सुरू होऊन सात महिने झाले होते, आणि ही बाई माझ्याशी वाकडा शब्द बोलली नव्हती. मला तिथून उठून जाता आलं असतं.

"आये, तो आबी माझो बापूस," मी म्हटलं.

त्यांचे हात चालूच राहिले. सुपाच्या एका कडेचे तांदूळ दुसऱ्या कडेला गेले.

"तेव्हा तू नाय म्हटलंस."

"होय."

"बापूस खरोच कुडाळाक गेललो?"

"भितीपलीकडे होतो. रंग उतरणा नव्हतो म्हणान आत बसयललो."

"आयकाक गेला तेका?"

"गेला आसतला."

"मिशी कधी ठेवल्यान?"

"त्याच म्हयन्यात. ओठार डाग पडलो म्हणान."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "डाग रंगानव झाकलो आसतो गो," त्या म्हणाल्या.

एवढंच. वर्षभर मला हे सुचलं नव्हतं. तारामतीच्या तोंडावर बोटभर सफेदा असतो, त्याखाली देवीचे व्रणसुद्धा दिसत नाहीत. मी तिथेच बसून रडले, आणि सासूबाईंनी मला गप्प केलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तो खण शिवलंस?"

"नाय. ट्रंकेत आसा."

"काढ."

"बाबा म्हणत होते, ओटीत पडलेला परतवतत नाय."

"घातलंय मी, काढतलंय मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी माहेरी गेलो. बाबा अंगणात फळी रंधत होते. गुडघ्यापर्यंत भुसा, मिशीतही भुसा. सासूबाईंना बघून ते घाईने उठले. सासूबाईंनी पिशवीतून खण आणि नारळ काढला आणि फळीवर ठेवला. खण बघताच बाबांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"ता काम मी सोडलंय," ते म्हणाले.

"काम करा म्हणान सांगूक इलंय नाय," सासूबाई म्हणाल्या. "माका तारामतीची ओटी भरूची रवली हा. वर्स झाला."

बाबा रंध्यावरचा भुसा अंगठ्याने काढत राहिले. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

"जरा थांबा," बाबा म्हणाले आणि आत गेले.

आम्ही थांबलो. आईने चहा आणला, तो तसाच राहिला. परसातून पाण्याचा आवाज आला, मग काही नाही. पंधरा मिनिटांनी बाबा बाहेर आले. मिशी नव्हती. जुन्या पात्याने, घाईने काढलेली, दोन ठिकाणी रक्त आलेलं. वरच्या ओठावर तो पांढुरका डाग, चवलीएवढा, पहिल्यांदाच उजेडात मी नीट बघितला.

"मिशयेन ओटी कशी घेव?" ते सासूबाईंना म्हणाले.

पाटावर बसले. खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला, एक टोक दातांत धरलं, दुसरं दोन्ही हातांनी पुढे पसरलं. तोंडाला रंग नव्हता, अंगात बनियन, पायांवर भुसा. हात तेवढे तारामतीचे झाले. सासूबाईंनी तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला, आणि मग त्यांच्यापुढेच जमिनीवर बसून रडायला लागल्या, मुलाचं नाव घेऊन. बाबांनी पंचा तसाच पसरून धरला होता. सासूबाईंचं रडणं संपेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

नंतर सासूबाई आईबरोबर आत गेल्या. बाबांनी खण घडी करून पाटावर ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि ओठाला बोट लावून बघितलं. त्यानंतर, त्या सकाळी पहिल्यांदा, ते माझ्याशी बोलले.

"कुंदा, खोबरेल हाड. जळता."

मी वाटी आणली. तेल तळहातावर घेऊन कोमट होईपर्यंत चोळलं, त्यांच्या ओठाला लावलं, आणि हात न हलवता तशीच बसून राहिले.